दूध उकळलं, गोठा राहिला

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर दिवेलागणीला म्हशी येऊन उभ्या राहतात. गवळी कास धुतो, आचळांना हात लावतो, आणि चरवीच्या बुडावर पडणाऱ्या धारेचा खणखणीत आवाज बघता बघता फेसात बुडून जातो. तालमीतनं आलेली पोरं, दुकान वाढवून घरी निघालेले लोक, कुणाचा तरी हात धरून आलेलं लहान मूल, सगळे पेल्याची वाट बघत उभे असतात. पेला हातात येतो तेव्हा कोमट असतो. मिशीला फेस लागल्याशिवाय तो संपवता येत नाही.

या दुधाला आपण धारोष्ण म्हणतो. त्याची ऊब म्हणजे म्हशीच्या अंगाची ऊब, साधारण ३८ अंश. क्षयाच्या जंतूला वाढायला नेमकी हीच ऊब लागते. त्याला मारायचं तर दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं धरावं लागतं, किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. कट्ट्यावरचं दूध मीही प्यायलो आहे आणि त्याची चव विसरलेलो नाही. क्षय झालेल्या शंभर जनावरांतही कासेपर्यंत जंतू उतरलेलं जनावर एखाद-दुसरंच निघतं, त्यामुळे एका पेल्यामागचा धोका थोडाच. पण कुठल्या म्हशीला क्षय आहे हे तिला बघून ना गवळ्याला कळतं, ना पैलवानाला.

कट्टा सोडून पन्हाळ्याच्या वाटेला लागलं की ही चैन संपते. वाघबीळ चढून पुढं जा, कोडोली-वारणानगरच्या सपाटीला उतरा किंवा बाजारभोगावच्या पावसाळी खोऱ्यात शिरा, कुठल्याही घरात दूध आलं की पहिल्यांदा चुलीवर किंवा गॅसवर चढतं. उतू जाऊ नये म्हणून कुणीतरी डोळ्यांत तेल घालून उभं असतं. सायीचा थर बघून म्हशीची पारख होते. ताज्या व्यालेल्या म्हशीचा चीकसुद्धा वाफवून, खरवस करूनच खायचा. कच्चं दूध घरात उरतं ते देवापुढं, पंचामृतात. ही सवय कुणी जंतुशास्त्र शिकवून लावलेली नाही. दूध नासू नये एवढाच तिच्यामागचा हिशेब. पण या हिशेबानं आपल्याला एका मोठ्या संकटातनं अलगद बाहेर ठेवलं. आणि माझं म्हणणं असं की, त्याच हिशेबानं गोठ्यातला क्षय आपल्या नजरेआडही ठेवला.

ते संकट केवढं होतं हे बघायला विलायतेत जावं लागतं. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू दाखवला. पुढं १८९८ मध्ये अमेरिकेतल्या थिओबाल्ड स्मिथनं माणसाचा आणि गाईचा जंतू थोडा वेगळा असल्याचं मांडलं. दोघे भाऊभाऊ, पण जुळे नव्हेत. त्यावरून १९०१ च्या लंडनच्या परिषदेत कॉखनं जाहीर करून टाकलं की गाईच्या क्षयाचं माणसाला फारसं भय नाही. एवढा मोठा माणूस बोलला म्हटल्यावर विषय मिटायचा, पण इंग्रजांनी त्यावर रॉयल कमिशन बसवलं आणि दहा वर्षं घासून निष्कर्ष काढला: कॉख चुकला होता. गाईचं दूध पिऊन मुलं मरत होती.

त्या दुधातला जंतू फुफ्फुसात आधी जात नाही. घशातनं उतरताना तो मानेच्या गाठी धरतो, किंवा पोटात आतड्याजवळच्या गाठींत जाऊन बसतो. मानेला माळेसारख्या गाठी येऊन फुटायच्या. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी ज्याला गंडमाळ म्हटलं, तोच हा आजार. कित्येक मुलांच्या मणक्यात, खुब्यात तो शिरायचा. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात दुभत्या गाईंपैकी निदान ४० टक्के क्षयबाधित होत्या, आणि गाईपासून आलेल्या क्षयानं वर्षाला सुमारे अडीच हजार माणसं मरत होती. त्या देशात दूध थंडगार, कच्चंच प्यायची रीत होती.

पोरं मेली म्हणून कायदा आला, कायदा आला म्हणून पैसा आला. अमेरिकेनं १९१७ पासून गाय तपासायची, क्षय निघाला की मारायची आणि मालकाला भरपाई द्यायची, असा कार्यक्रम चालवला. १९४० पर्यंत तिथल्या बहुतेक साऱ्या भागांत बाधित गुरांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याखाली आलं. ऑस्ट्रेलिया १९९७ मध्ये मोकळा झाला. ब्रिटन मात्र बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या रानटी प्राण्यापायी अजून अडकून पडला आहे.

आपल्याकडे दूध उकळलं गेलं. मुलं या वाटेनं फारशी मेली नाहीत, निदान डोळ्यांवर येण्याएवढी नाहीत. म्हणून कायद्याला घाई नव्हती आणि पैशाला वाट नव्हती. जनावरांतल्या सांसर्गिक रोगांचा २००९ चा केंद्रीय कायदा आहे, त्याच्या यादीत गोवंशातला क्षय आहे, आणि रोगाची शंका आली तर कळवण्याचं बंधन मालकावर आहे. पण २०१९ मध्ये देशभर जो जनावरांच्या रोगनियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, तो लाळखुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी. क्षयासाठी असा देशव्यापी कार्यक्रम नाही.

किती जनावरांना हा रोग आहे? भारतात वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या पाहण्या एकत्र करून २०१८ मध्ये एक अंदाज छापला गेला. १८ राज्यांतल्या ८२ हजारांहून अधिक गाई-म्हशींच्या त्या पाहण्या होत्या. सरासरी निघाली ७.३ टक्के. देशाच्या गुरांच्या संख्येला ती लावली तर आकडा येतो सुमारे २ कोटी १८ लाख. अमेरिकेत एकूण दुभत्या गाई आहेत त्याहून हा आकडा मोठा. अंदाज तो अंदाजच, आणि पाहण्या बऱ्याचदा मोठ्या, गर्दीच्या गोठ्यांत होतात हे ध्यानात धरावं. तरी निम्मा खरा धरला तरी पुरे.

इथं एक गंमत सांगून पुढं जातो. तुमच्या दंडावर लहानपणीच्या लसीचा जो गोल व्रण आहे, तो गाईच्या क्षयाच्या जंतूचा आहे. एदमों नोकार या फ्रेंच पशुवैद्यानं क्षयानं कास सुजलेल्या गाईच्या दुधातनं एक जंतू वेगळा काढला होता. आल्बेर कालमेत आणि कामिय गेरां या दोघांनी लील शहरात तो बटाट्याच्या फोडींवर, पित्तात भिजवून, दर काही दिवसांनी नव्या फोडीवर हलवत वाढवला. १९०८ पासून १९२१ पर्यंत, २३० वेळा, मधल्या महायुद्धासह. एवढ्यात तो जंतू मारकुटेपणा विसरून गेला. त्या दोघांच्या आडनावांवरूनच लसीला बीसीजी हे नाव पडलं. म्हणजे गाईनं आपल्याला रोग दिला असेल, तर त्या रोगावरची ढालही तिच्याच कासेतनं आली.

आता डेन्मार्क. वारणा खोऱ्यातल्या माणसाला तिथली गोष्ट आपली वाटेल. तिथली पहिली सहकारी दूधसंस्था १८८२ मध्ये निघाली, कॉखनं जंतू दाखवला त्याच साली. गावोगावचं दूध एकत्र यायचं, लोणी काढून घ्यायचं आणि उरलेलं पातळ दूध शेतकऱ्यांना वासरं-डुकरांसाठी परत. झालं काय, की एका गोठ्यातल्या गाईचा जंतू सामाईक टाकीतनं पंचक्रोशीतल्या वासरांच्या पोटात जाऊ लागला. सहकारानं समृद्धी आणली आणि तिच्याच पाटातनं क्षयही वाहिला. बर्नहार्ड बँग नावाच्या डॅनिश पशुवैद्यानं हे हेरलं. १८९८ मध्ये तिथं कायदा झाला की डेअरीतनं परत जाणारं दूध तापवूनच द्यायचं.

बँगची मला खरी मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्याच्या देशात गोठेच्या गोठे बाधित होते. सगळी जनावरं मारली तर शेतकरीच मरेल, हे त्याला दिसत होतं. म्हणून त्यानं गोठ्याचे दोन भाग केले. तपासणीत निघालेल्या गाई एकीकडं, निरोगी दुसरीकडं, माणसं आणि भांडी वेगळी. बाधित गाईला झालेलं वासरू जन्मल्याबरोबर उचलायचं आणि तापवलेल्या दुधावर वाढवायचं. वासरू पोटातनं क्वचितच रोग घेऊन येतं. काही वर्षांत बाधित गाई म्हाताऱ्या होऊन गेल्या की मागं निरोगी कळप उरतो. मारायचं कमी, थांबायचं जास्त, असा हा मार्ग.

आपल्याला तोच मार्ग जवळचा आहे, कारण दुसरा बंदच आहे. महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा, आणि २०१५ पासून तो बैल आणि वळूंनाही लागू झाला. क्षय निघालेली गाय अमेरिकन पद्धतीनं कत्तलखान्यात पाठवून मोकळं होता येत नाही. म्हशीचं गणित कायद्यानं तसं अडलेलं नाही, पण शेतकऱ्याच्या पदरात अडलेलं आहे. पन्हाळा तालुक्यात दोन म्हशींवर घरखर्च चालवणारी घरं गल्लोगल्ली आहेत. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, त्यातनं किराणा, शाळेची फी, औषधं. दोनातली एक काढून टाक म्हणणं म्हणजे अर्धा पगार सोड म्हणणं.

मग माणूस काय करतो? जे कुणीही करेल तेच. गप्प बसतो, आणि जनावर खंगायला लागलं की बाजारात नेतो. वडगावच्या बाजारात दात बघतात, कास दाबून बघतात, शिंगं बघतात, किती वेताची ते विचारतात. क्षय तपासलाय का, हे कुणी विचारत नाही. म्हणजे तपासणी केली आणि पुढची सोय केली नाही, तर ती तपासणीच रोगाला दुसऱ्या गोठ्यात ढकलते.

तपासणी म्हणजे तरी काय, ते मी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात जवळून पाहिलं. शेतकऱ्यानं स्वतःहून करून घ्यायचं ठरवलं होतं. भर पावसाचे दिवस. घराच्या पुढच्या सोप्यातच दावण, वर कौलं, एकच दार, खिडकी पोत्यानं झाकलेली. आत दोन म्हशी, एक गाय, एक रेडकू, आणि डोळे चुरचुरावेत इतका शेणामुताचा वास. गोठ्यातला क्षय मुख्यतः श्वासातनंच पसरतो. उन्हाळ्यात आंब्याखाली बांधलेल्या जनावरांना तो जेवढा अवघड, तेवढा या चार महिन्यांच्या कोंडवाड्यात सोपा.

डॉक्टरांनी म्हशीच्या मानेवर वीतभर अंतरानं दोन चौकोन भादरले. कॅलिपरच्या चिमटीत कातडीची घडी धरून जाडी मोजली आणि वहीत लिहिली. मग वरच्या चौकोनात पक्ष्यांच्या क्षयाच्या जंतूचा अर्क, खालच्यात गाईच्या जंतूचा, प्रत्येकी मिलिलिटरचा दहावा भाग, अगदी कातडीतल्या कातडीत. बोटाला वाटाण्याएवढा फुगवटा लागला म्हणजे सुई बरोबर पडली. दोन अर्क कशाला, असं मी विचारलं. माती-पाण्यात या कुळातले कितीतरी निरुपद्रवी जंतू असतात, त्यांची ओळख झालेलं जनावरही थोडं सुजतं, डॉक्टर म्हणाले. वरची सूज म्हणजे तो भेसळीचा हिशेब. तो खालच्यातनं वजा करायचा.

७२ तासांनी आम्ही परत गेलो. एका म्हशीची वरची घडी ९ मिलिमीटरची १० झाली होती, खालची ९ ची १७. आठातनं एक वजा केला, सात. चारच्या वर गेलं की बाधित.

"डॉक्टर, म्हस खातीया, पितीया, दोन टायमाला दूध देतीया," घरच्या मामी म्हणाल्या. "मग टीबी शिरला कुठनं?"

हाच या रोगाचा कपटीपणा. खोकला, खंगणं, कासेला गाठ हे सगळं फार उशिरा दिसतं, काहींत दिसतच नाही. उलट रोग अंगात पूर्ण मुरलेल्या म्हाताऱ्या जनावराची मान सुजतच नाही, शरीरानं लढणंच सोडलेलं असतं. आणि एकदा अर्क टोचला की पुढचे दीड-दोन महिने दुसऱ्यांदा टोचूनही नीट सूज येत नाही. जगभरच्या हुशार व्यापाऱ्यांना ही खोड फार आधी कळली. विकण्याआधी गुपचूप टोचायचं, मग सरकारी तपासणीत जनावर साळसूद.

मामींचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. "आमाला झाला तर?" उकळलेल्या दुधातनं होणार नाही, हे डॉक्टर ठामपणे सांगू शकले. संस्थेला घातलेलं दूध तर डेअरीत ७२ अंशांवरनं जातंच. उरतो तो श्वास. रोज दोन वेळा त्या म्हशीच्या पोटाला डोकं टेकून धार काढतात त्या मामी. जगभरात २०१६ साली जनावरांकडून आलेल्या क्षयाचे सुमारे १ लाख ४७ हजार रुग्ण असावेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. आपल्याकडे माणसाची थुंकी तपासताना जंतू क्षयाचा आहे एवढं कळतं, माणसाचा की गाईचा हे सहसा कळत नाही. कळलं तर फरक पडतो: नेहमीच्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड हे गाईच्या जंतूवर चालत नाही. त्यातही आपली गुंतागुंत न्यारी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जमा झालेल्या ९४० नमुन्यांची जनुकं तपासली, तेव्हा लसीतला जंतू सोडला तर गाईचा म्हणून पुस्तकात असलेला जंतू एकही मिळाला नाही. मिळाला त्याचा तिसरा भाऊ, ऑरिजिस, तोही मोजक्या रुग्णांत. तो जंतू आपल्या दक्षिण आशियातलाच. म्हणजे इतकी वर्षं आपण चोर शोधत होतो तो कदाचित दुसऱ्याच्याच फोटोवरून.

उलटा प्रवासही विसरू नये. गोठ्यात राबणाऱ्या माणसाला फुफ्फुसाचा क्षय असेल, तर तो जनावराला देऊ शकतो. घरात कुणाचे टीबीचे उपचार चालू असतील तर सुरुवातीला त्यानं गोठ्याचं काम दुसऱ्याकडं द्यावं, हे आशाताईनं सांगायला पैसे लागत नाहीत. पण तिचं खातं माणसांचं आणि डॉक्टरांचं जनावरांचं. दोघांची मोटरसायकल एकाच दारात थांबते, नोंद मात्र दोन वेगळ्या वह्यांत होते.

आपल्या देशात एक जागा अशी आहे जिथं हे सगळं शिस्तीत चालतं: रेतन केंद्रं. ज्या वळूच्या आणि रेड्याच्या रेतमात्रा गावोगाव जातात, त्याची क्षयासाठी नेमानं तपासणी होते आणि दोषी निघाला तर तो केंद्रातनं बाहेर. एका वळूपासून हजारो वासरं होतात, म्हणून तिथं कुणाला खर्च जड वाटत नाही. ही शिस्त गोठ्यापर्यंत एकदम आणणं शक्य नाही, पण मध्ये एक सांधा आहे: खरेदी. हरियाणातनं मुऱ्हा आणायची तर बँकेचं कर्ज लागतं, विमा लागतो, कानात बिल्ला लागतो, दाखला लागतो. त्याच कागदांत क्षयाच्या तपासणीचा एक कागद घालावा आणि आल्यावर दोन महिने जनावर वेगळं बांधून पुन्हा तपासावं. रोग गोठ्यात शिरल्यावर काढण्यापेक्षा दारात अडवणं फार स्वस्त.

आणि भरपाई. ती अशक्य आहे हे मला आता पटत नाही. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा याच राज्यानं मेलेल्या दुभत्या जनावरामागे ३० हजार, बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार रुपये दिले. लंपीच्या गाठी अंगभर दिसत होत्या, वर्तमानपत्रांत फोटो येत होते. क्षयाची गाठ आत असते.

लसीचा विचार आता जोरात आहे. तीच आपली दंडावरची बीसीजी, वासरांना. अडचण एवढीच होती की लस दिली की मानेवरची तपासणी फसते, लसही सूज आणते. आता जंतूचे असे काही तुकडे वापरून तपासणी करता येते, जे रोगाच्या जंतूत आहेत आणि लसीच्या जंतूत नाहीत. २०२४ मध्ये छापल्या गेलेल्या इथिओपियातल्या प्रयोगात लसीमुळे जनावरांत रोग पसरण्याचं प्रमाण जवळजवळ ९० टक्क्यांनी घटलं. इथिओपियाच्या शेतकऱ्यालाही जनावर मारून टाकणं परवडत नाही.

त्या दिवशी सोप्यात मात्र लस नव्हती, भरपाई नव्हती. डॉक्टरांनी बँगचंच शास्त्र मराठीत सांगितलं. या म्हशीला परड्यात वेगळं बांधा, छप्पर घाला, भिंती नकोत. गव्हाण वेगळी, पाण्याची बादली वेगळी. तिची धार शेवटी काढा. पोतं काढून खिडकी मोकळी करा. मामी मान डोलवत होत्या. रेडकाला तिच्याखाली सोडू नका, तिचं दूध उकळून, कोमट करून बादलीनं पाजा, इथवर आल्यावर त्या थांबल्या.

"रेडकू लावल्याबिगर ती पान्हा सोडायची न्हाई."

डेन्मार्कच्या गाईंना वासराविना पान्हा सोडायची सवय होती. बँगला हा प्रश्न बहुधा पडलाच नसावा. डॉक्टर थोडा वेळ कॅलिपर पुसत राहिले. "महिनाभर धारेच्या वेळी पुढ्यात सरकीची पेंड ठेवून बघा, मामी. सवय होते."

"पेंडीवर पान्हा सोडणारी म्हस तुमच्या बघण्यात असंल तर सांगा, डॉक्टर," मामी म्हणाल्या, आणि रेडकाचं दावं सोडून त्याला दुसऱ्या दावणीकडं ओढत नेलं. "पुढच्या बाजाराला मी तीच घेती."